वाट चुकलेले शर्यतीचे कबूतर
(निसर्गनिरीक्षण : इयत्ता चौथी व पाचवी)

देवळाच्या शिखरावर, वाड्याच्या वळचणीस किंवा धान्याच्या कोठारापाशी घुमणारे पारवे खेड्यातील प्रत्येक मुलाच्या परिचयाचे असतात. एखादे दिवशी त्यांच्यात एक निराळाच पक्षी येऊन बसतो. त्याची छाती भरदार, पंख लांब व घट्ट मिटलेले, चोचीच्या मुळाशी पांढरी गाठ ठळक. माणूस जवळ गेला तरी तो फारसा बुजत नाही, आणि त्याच्या पायात कडे असते. हा पक्षी म्हणजे बहुधा शर्यतीचे कबूतर होय. अशा वेळी मुले दगड उचलतात, मोठी माणसे संशय घेतात, आणि पक्षी मात्र तहानेने व्याकूळ होऊन बसलेला असतो. ही संधी पाठासाठी साधावी.

संशयाची गोष्ट अगदी खरी आहे. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरजवळच्या बंदरभागात असेच एक कबूतर सापडले. त्याच्या पायांत कडी होती व पंखांवर चिनी लिपीसारखी अक्षरे होती. हेरगिरीच्या शंकेने पोलिसांनी ते ताब्यात घेतले व परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयात ठेवले. चौकशीत ते तैवानातील शर्यतीचे, निसटून आलेले कबूतर असल्याचे निष्पन्न झाले. तैवानात कबुतरे जहाजातून समुद्रात दूरवर नेऊन सोडण्याची रीत आहे. इतका उलगडा होऊनही पक्ष्याची सुटका झाली ती ३० जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे सुमारे आठ महिन्यांनी. पायातील कडे म्हणजे काय, हे अधिक लोकांना ठाऊक असते तर कदाचित हा काळ कमी झाला असता.

कड्याची माहिती मुलांना कुतूहलाची वाटते. पिलू साधारण एक आठवड्याचे झाले की त्याच्या पायात हे अखंड कडे सरकवितात. त्या वयात पंजा लहान असतो. पुढे तो वाढतो आणि मग कडे निघत नाही, तसेच मोठ्या पक्ष्याच्या पायात नवे अखंड कडे घालताही येत नाही. म्हणून त्यावरचे वर्ष हे पक्ष्याचे जन्मवर्ष समजावे. वर्षाखेरीज देशाची किंवा संघाची आद्याक्षरे व अनुक्रमांक असतो. कित्येकदा मालक पंखाच्या पिसांवर दूरध्वनी क्रमांकाचा शिक्का उमटवितो. तेव्हा पंख हलकेच पसरून पाहावा. दुसऱ्या पायात प्लास्टिकचे जाड कडे असले तर पक्षी ढाबळीत पोहोचल्याची वेळ यंत्रावर नोंदविण्यासाठी ते असते. त्यात निरोप लपविलेला नसतो.

कबुतरांच्या शर्यतीचा छंद एकोणिसाव्या शतकात बेल्जममध्ये वाढीस लागला व तेथून इतरत्र पसरला. आपल्या देशात चेन्नई, बंगळूर व कोलकाता येथे तो विशेष आहे. चेन्नईच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी पक्षी उत्तरेस नागपूर-भोपाळपर्यंत नेऊन सोडतात. त्यामुळे विदर्भातील शाळेच्या अंगणात असा पाहुणा उतरणे मुळीच अशक्य नाही. प्रत्येकाच्या ढाबळीचे अंतर वेगळे असल्याने प्रथम कोण पोहोचले यावरून निकाल लागत नाही. वेग काढावा लागतो.

येथे गणिताची जोड द्यावी. नागपूर ते चेन्नई हे हवाई अंतर सुमारे ९०० किलोमीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाने पक्षी सकाळी साडेसहाला निघाला व सायंकाळी सहाला थांबला, तर साडेअकरा तासांत त्याचे ६९० किलोमीटर होतील. उरलेले दोनशेहून अधिक किलोमीटर राहतातच, आणि कबूतर सहसा रात्री उडत नाही. म्हणजे धडधाकट पक्ष्यालाही वाटेत मुक्काम करावा लागतो. यावरून मुलांच्या सहज ध्यानी येईल की, छपरावर बसलेला प्रत्येक कडेवाला पक्षी हरवलेला नसतो. जो पाणी पिऊन, पिसे साफ करून, दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून जातो, त्यास पकडण्याचे कारण नाही.

पक्षी वाट कशी ओळखतो? सूर्याची जागा, पृथ्वीचे चुंबकत्व, वाऱ्याबरोबर येणारे गंध आणि घराजवळच्या ओळखीच्या खुणा या सर्वांचा तो उपयोग करतो, असे प्रयोगांवरून दिसते. अमेरिकेत कीटन यांनी १९७१ मध्ये कबुतरांच्या पाठीवर लहान चुंबके लावून त्यांस सोडले. उन्हात ती नीट घरी गेली. आभाळ झाकोळलेले असता मात्र पुष्कळ गोंधळली. तरीही सर्व उकल झालेली नाही. जून १९९७ मध्ये इंग्लंडातील कबूतर-शर्यत संघाच्या शतकमहोत्सवानिमित्त फ्रान्समधील नांत येथून सुमारे ६० हजार पक्षी सोडले. त्यांतील बहुसंख्य वेळेवर परतलेच नाहीत.

आता मदतीविषयी. पंख लोंबलेले, डोळे अर्धवट मिटलेले, दुसऱ्या दिवशीही तेथेच बसलेला, असा पक्षी मात्र उचलावा. अंधार पडू लागला म्हणजे तो सहज हाती लागतो. दोन्ही तळव्यांत पंख अंगाशी दाबून धरावा, पाय बोटांच्या मध्ये घ्यावेत. छातीचे मधले हाड सुरीच्या धारेसारखे लागले तर पक्षी उपाशी आहे असे समजावे. संक्रांतीच्या दिवसांत पंखात वा पायात मांजा अडकला आहे काय, हे अवश्य पाहावे. नंतर भोके पाडलेल्या खोक्यात किंवा झाकलेल्या टोपलीत, मांजरापासून दूर, त्यास शांत ठेवावे.

प्रथम पाणी, मग दाणा. कोंबडी चोचीत पाणी घेऊन मान वर करते. कबूतर तसे करीत नाही. ते चोच बुडवून सलग ओढून पिते. यास्तव बशी उपयोगी नाही. दोन-तीन बोटे पाणी राहील असे खोल व सहजी न लवंडणारे भांडे ठेवावे. चोच उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. मका, ज्वारी, बाजरी, मूग, मसूर, वाटाणा, असे कोरडे व कच्चे धान्य घालावे. भाकरीचे तुकडे, भात व दूध देऊ नये. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे तर चुकूनही देऊ नये. ते विषारी असते. विष्ठा साफ करताना नाकातोंडास फडके बांधावे व नंतर साबणाने हात धुवावेत. हे काम शिक्षकांनी स्वतः करणे बरे.

ससाण्याने जखम केलेली असल्यास किंवा पंख मोडला असल्यास घरगुती उपाय न करता पक्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. कड्यावरील सर्व अक्षरे व अंक जसेच्या तसे उतरून घ्यावेत आणि मालकास वा संघास कळवावे. मालक आनंदाने बोलावील असे मात्र गृहीत धरू नये. उशिरा परतणारा पक्षी काहींना नकोसा असतो, आणि अशा वेळी एखादा पारवा-प्रेमी गावकरी त्यास आश्रय देऊ शकतो.

बहुतेक पक्षी एक-दोन दिवसांच्या विश्रांतीने सावरतात. निरभ्र सकाळी खोके मोकळ्या मैदानात ठेवून झाकण काढावे. पक्ष्यास वर फेकू नये. तो काही वेळ बसून राहील, मग वर चढून दोन-चार घिरट्या घेईल. मुलांनी घिरट्या मोजाव्यात, शेवटी धरलेली दिशा व वेळ फळ्यावर लिहावी, आणि नकाशावर त्या दिशेने रेघ ओढून ती कोठकोठल्या गावांवरून जाते ते पाहावे.