बिनतारी फोनच्या पिढ्या आणि विहिरीवरची मोटर



उसाचे बेणे निवडताना आपण किती विचार करतो! को ७४० का मोडली, को ८६०३२ का धरली, फुले २६५ कोणत्या जमिनीत बरी, हे आपल्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. कारण उघड आहे. एकदा लागण केली की खोडवा-निडव्यासह दोन-तीन वर्षे आपण त्या जातीशी बांधले जातो. पण मोबाईल फोन किंवा विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर घेताना मात्र "दादा, हा नवा माल आहे" या दुकानदाराच्या एका वाक्यावर आपण काही हजार रुपये मोजून मोकळे होतो. फोन चार वर्षांत बदलला तरी चालतो. स्टार्टर मात्र आठ-दहा वर्षे टिकावा अशी आपली अपेक्षा असते. तो ज्या बिनतारी पद्धतीवर चालतो ती पद्धत तितकी वर्षे राहील का, हा प्रश्न आपण विचारतच नाही. या लेखात तोच प्रश्न घेतला आहे.

१. लहर लांब की आखूड?

फोन आणि टॉवर एकमेकांशी रेडिओच्या लहरींनी बोलतात. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात, म्हणून एक केंद्र दोन-दोन जिल्ह्यांत ऐकू येते. मोबाईलच्या लहरी त्यापेक्षा फार आखूड आहेत. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे फूटभर लांब. १८०० मेगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. फाइव्ह-जीच्या ३३०० मेगाहर्ट्झची लहर तर जेमतेम ९ सेंटिमीटर.

नियम साधा आहे. लांब लहर दूर जाते आणि अडथळ्याला वळसा घालते. आखूड लहरींच्या पट्ट्यांत जागा मोकळी असते, त्यामुळे रुंद पाटातून जास्त पाणी जावे तशी जास्त माहिती वाहून नेता येते. पण ती लहर जवळच संपते आणि अडथळ्यात विरते. त्यातही पाणी हा तिचा मोठा शत्रू. रावेर-यावलकडची केळीची बाग घ्या किंवा कांड्यावर आलेला ऊस घ्या, पानापानांत पाणी भरलेले असते. गावच्या पारावर फोनमध्ये 'फाइव्ह-जी' दिसते आणि वावरात उसाच्या मध्ये गेले की रेंजच नाही, याचे एक मोठे कारण हे आहे. फोन बिघडलेला नसतो. सातपुड्याच्या पायथ्याला टेकडीआड असलेल्या वस्त्यांचीही तीच अडचण. तेथे लांब लहरीचा, म्हणजे ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचा टॉवर जास्त उपयोगी पडतो.

२. पिढ्या कशा आल्या आणि गेल्या

टू-जी, थ्री-जी यातला 'जी' म्हणजे पिढी. भारतात पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. ती दुसरी पिढी, टू-जी. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. आलेला फोन फुकट झाला तो मे २००३ पासून. शेतकऱ्याच्या हाती मोबाईल खऱ्या अर्थाने आला तो त्यानंतर.

थ्री-जी सेवा सरकारी कंपन्यांनी २००८-०९ मध्ये सुरू केली. खासगी कंपन्यांनी २०१० च्या लिलावानंतर तिच्यात उडी घेतली. फोर-जी एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात एअरटेलने आणले, पण खेड्यापाड्यात ते पोचवले ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओने. फाइव्ह-जीचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. बीएसएनएलचे देशी बनावटीचे फोर-जी सर्वांत उशिरा आले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी सुमारे ९७ हजार ५०० टॉवरसह ओडिशातील झारसुगुडा येथून त्याचे उद्घाटन झाले.

आता गंमत पाहा. सर्वांत जुनी पिढी आधी जाईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात थ्री-जी आधी गेली. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून ती बंद करायला सुरुवात केली, पुढे व्होडाफोन-आयडियानेही तेच केले. थ्री-जीची लागण झाली आणि खोडवा न ठेवताच ती मोडली! टू-जीचा मात्र निडवा अजून चालू आहे, कारण कोट्यवधी बटणाचे फोन आणि लहानमोठी यंत्रे तिच्यावर आहेत. जर्मनीतही २०२१ मध्ये थ्री-जी बंद करून टू-जी ठेवली. उलट ऑस्ट्रेलियात टू-जी २०१८ पर्यंत संपली आणि २०२४ अखेर थ्री-जीही गेली. तेथील शेतकऱ्यांना त्या पिढ्यांवर चालणारी शेतातली यंत्रे बदलावी लागली. आपल्याकडे ३१ जुलै २०२०, म्हणजे पहिल्या फोनला बरोबर २५ वर्षे झाली त्या दिवशी, मुकेश अंबानी यांनी टू-जी इतिहासजमा करण्याची मागणी जाहीरपणे केली. त्यांच्या जिओकडे टू-जी मुळातच नाही. तेव्हा वारे कोणत्या दिशेचे आहे हे ओळखावे.

३. टॉवर कोणाचा?

२००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने सुरुवातीला ५०१ रुपये घेऊन फोन हातात देण्याची योजना काढली होती, ती अनेकांना आठवत असेल. ते फोन सीडीएमए पद्धतीचे होते. त्यांत इतर कंपन्यांचे जीएसएम सिम चालत नव्हते. पुढे २०१६-१७ पर्यंत ती सेवा गुंडाळली गेली आणि चांगले चालणारे फोनही निकामी झाले. वस्तूत दोष नव्हता, तिच्याशी बोलणारा टॉवरच उरला नाही.

याउलट ब्लूटूथ आणि वायफाय पाहा. ब्लूटूथ साधारण दहा मीटरचे, वायफाय घराभोवतीचे. दोन्ही २४०० मेगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात चालतात. त्यांच्याही पिढ्या बदलतात, पण जुना ब्लूटूथ कानात घातला तरी नव्या फोनशी बहुधा जुळतो, जुना फोन नव्या वायफायला जोडता येतो. कारण दोन्ही टोके आपल्याच मालकीची. आपण फेकून देईपर्यंत ती चालतात. मोबाईलचे एक टोक मात्र कंपनीच्या हातात असते. कारखान्यात आपण भागधारक आहोत, वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारू शकतो. टॉवरच्या बाबतीत आपण फक्त ग्राहक. हा फरक सभासदांनी मनात पक्का ठेवावा.

शिवाय ग्राहकाला निवडही कमी झाली आहे. एके काळी महाराष्ट्रात आयडिया, व्होडाफोन, एअरटेल, एअरसेल, टाटा, रिलायन्स, युनिनॉर अशी रांग होती. आज तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढेच उरले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच वेळी दर वाढवले, ते आपण भोगले आहे.

४. विहिरीवरचे यंत्र

रात्रीची थ्री फेज लाईट, अंधारात बांधावरून जाणे, विंचू-सापाची भीती, आणि पोचल्यावर कळते की लाईट गेली. हे दुःख आपल्याला कोणी सांगायला नको. याच गरजेतून पुण्याचे विद्युत अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे मोबाईलवरून मोटर चालू-बंद करण्याचे यंत्र तयार केले. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. त्यानंतर अशा यंत्रांच्या अनेक कंपन्या बाजारात आल्या.

यंत्राच्या पोटात एक लहानसा मोबाईल आणि एक सिम असते. तो मोबाईल कोणत्या पिढीचा, यावर त्याचे आयुष्य अवलंबून आहे. केवळ टू-जीचे यंत्र स्वस्त पडते, आज चालतेही. पण त्यात जिओचे सिम चालणार नाही. आणि उद्या तुमच्या शिवारातली टू-जी बंद झाली तर संपूर्ण यंत्र काढावे लागेल. फोर-जीचे यंत्र घेतानाही एक खोच आहे. काही फोर-जी यंत्रे माहिती फोर-जीवरून पाठवतात, पण आवाजाचा फोन आला की टू-जीवर उतरतात. आपण मोटर फोन लावून चालू करणार असू तर यंत्रात 'व्होल्टी', म्हणजे फोर-जीवरूनच बोलण्याची सोय आहे का, हे स्पष्ट विचारावे. फाइव्ह-जीची मात्र मोटरला काही गरज नाही. चालू, बंद, एवढेच तर सांगायचे असते. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

घर आणि विहीर जवळ असेल तर सिम नसलेली, थेट रेडिओने चालणारी यंत्रेही मिळतात. त्यांची दोन्ही टोके आपली असतात आणि रिचार्ज नसतो. अंतर आणि मधला ऊस विचारात घेऊन, आधी शेतात चालवून पाहूनच ती घ्यावीत.

५. खरेदीपूर्वी आणि नंतर

(अ) दुकानात नव्हे, विहिरीवर उभे राहून रेंज पाहा. शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन तेथे नेऊन फोन लावून बघा, आणि ऊस उंच असताना बघा. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे देणे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने बंधनकारक केले आहे. पण नकाशापेक्षा बांध खरा.

(आ) यंत्र कोणत्या पिढीवर चालते, व्होल्टी आहे का, कोणत्याही कंपनीचे सिम चालते का, आतला मोबाईलचा भाग वेगळा बदलता येतो का, हे चार प्रश्न विचारा. उत्तर पावतीवर लिहून घ्या.

(इ) यंत्राच्या सिमला इंटरनेट लागत नसेल तर त्याचा भुर्दंड सोसू नका. प्राधिकरणाच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर फक्त बोलणे आणि संदेश यांचे वेगळे पॅक कंपन्यांना द्यावे लागतात. मोबाईल ॲपवर चालणाऱ्या यंत्राला मात्र इंटरनेट लागते.

(ई) पावसाळ्यात मोटर महिनोन् महिने बंद राहते. सिम सलग ९० दिवस वापरले नाही आणि खात्यात २० रुपयेही शिल्लक नसले तर क्रमांक बंद होऊ शकतो. महिन्यातून एकदा तरी त्या सिमवरून एखादा फोन किंवा संदेश जाईल असे पाहावे.

(उ) सर्वांत महत्त्वाचे. मोटर आता घरून चालू होते, म्हणून तिला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. विहिरीवर कोणी काम करत असताना घरातल्या पोराने सहज बटण दाबले, तर काय होईल हे सांगायला नको. अंकातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

६. दोन शंका

"रेंज नसेल तर ई-पीक पाहणी कशी करायची?" असे अनेक जण विचारतात. शेताचे ठिकाण फोनला टॉवर नव्हे, उपग्रह सांगतात. त्यासाठी फोन फक्त ऐकतो, त्याला रिचार्ज लागत नाही. म्हणून आकाश मोकळे असेल अशा बांधावर उभे राहून फोटो व माहिती भरावी आणि ती साठवून रेंजमध्ये आल्यावर पाठवावी.

दुसरी शंका उपग्रहावरच्या इंटरनेटची. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिव यांच्यासह १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच असलेल्या नंदुरबारचे नाव आहे. डोंगरातल्या शाळा आणि आरोग्य केंद्रांना याचा लाभ व्हावा. पण ज्याच्या विहिरीवर साधा फोन लागतो, त्याने त्याच्या नादी लागण्याचे कारण नाही.

थोडक्यात, बाजार नव्या पिढीमागे धावणारच. आपण आकडा मोठा पाहून भुलू नये आणि स्वस्त म्हणून मरणपंथाची पिढीही घेऊ नये. वस्तू जितकी वर्षे वापरायची तितकी वर्षे तिचा टॉवर उभा राहील का, एवढे पाहावे. स्टार्टरपुरते आज याचे उत्तर व्होल्टीसह फोर-जी हेच आहे.

सभासदांना एक विनंती. आपल्या शिवारात, विहिरीवर उभे राहून, कोणत्या कंपनीची रेंज मिळते आणि कोणत्या महिन्यात जाते, याची नोंद आपापल्या गट कार्यालयात द्यावी. गावोगावची अशी यादी झाली तर नवा स्टार्टर घेणाऱ्याला दुकानदारावर विसंबावे लागणार नाही. एकट्याने विचारले तर कंपनी ऐकत नाही. शंभर विहिरींची यादी पुढे ठेवून सर्वांनी मिळून टॉवर मागितला तर ती मागणी वजनदार होते. सहकाराचा धडा इथेही तोच आहे.