नाव नव्हे, रांगेतला नंबर

वडिलांनी काढलेले जुने फोटो मी दोन महिने खपून स्कॅन केले होते. ते सगळे एका यूएसबी हार्ड डिस्कवर होते. दुसरी प्रत काढायची राहून गेली होती. एका रविवारी भाचीच्या लॅपटॉपसाठी लिनक्सचा पेनड्राइव्ह करायला बसलो. आदल्या दिवशी तोच पेनड्राइव्ह ‘एसडीबी’ म्हणून दिसला होता. म्हणून टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबून लिनक्सची इमेज डिव्हाइसवर लिहिणारी कालचीच ‘डीडी’ कमांड आणली आणि एंटर दाबलं. थोड्या वेळाने पाहिलं, तर पेनड्राइव्हचा दिवा शांत होता आणि हार्ड डिस्कचा लुकलुकत होता. कंट्रोल-सी दाबेपर्यंत डिस्कचा सुरुवातीचा भाग पार्टिशन टेबलासकट गेला होता.

त्या दिवशी हार्ड डिस्क आधी जोडलेली होती, म्हणून ‘एसडीबी’ ती झाली आणि पेनड्राइव्ह ‘एसडीसी’. ही अक्षरं म्हणजे डिव्हाइसची ओळख नव्हे. ज्या क्रमाने डिव्हाइस सापडतात, त्या क्रमाने कर्नल ही अक्षरं वाटतो. आणि ‘डीडी’ कधीही “नक्की ना?” असं विचारत नाही.

तेव्हापासून मी घाई करत नाही. पेनड्राइव्ह लावण्याआधी डिस्कची यादी दाखवणारी ‘एलएसबीएलके’ कमांड चालवतो, लावल्यावर पुन्हा चालवतो. जी ओळ नव्याने आली, तेच आपलं डिव्हाइस. शंका उरली तर ते काढून बघतो. ओळ जायलाच हवी. मग आकार ताडतो. १६ जीबीचा पेनड्राइव्ह तिथे साधारण १५ दिसतो, कारण मोजणी १०२४च्या पटीत असते. ‘आरएम’च्या रकान्यावर मात्र विसंबू नका: पेनड्राइव्हसमोर तिथे बहुधा १ असतो, पण बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कसमोर पुष्कळदा ०च दिसतो. दुसऱ्या खिडकीत ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवलं, तर डिव्हाइस लावताक्षणी त्याचं मॉडेल आणि मिळालेलं अक्षर दिसतं.

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’. तिथल्या नावात कंपनी, मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो, त्यामुळे जोडण्याचा क्रम बदलला तरी ते नाव बदलत नाही. ‘डीडी’ला आता मी तेच देतो. शेवटी ‘पार्ट१’ असलेलं नाव एका पार्टिशनचं असतं. इमेज लिहायची ती पूर्ण डिव्हाइसवर, आणि त्याआधी ते अनमाउंट करून.

तरीही चूक झालीच, तर त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नका. गेलेल्या फाइली शोधणाऱ्या ‘फोटोरेक’ प्रोग्रामने शोध घ्या आणि सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर साठवा. माझे बरेचसे फोटो तसे परत मिळाले. फाइलींची नावं मात्र गेली. कोण कुठे उभं आहे, साल कोणतं, हे आत्याला विचारून मी त्या नावांत लिहिलं होतं. आता दर रविवारी तिच्याशेजारी बसून एकेक चेहरा पुन्हा विचारतो, आणि उठण्यापूर्वी दोन ठिकाणी प्रत ठेवतो.