‘कशी वाटली?’ असं विचारू नका

पहिली कादंबरी लिहून झाली की लेखक ती चार जणांना वाचायला देतो आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो, ‘कशी वाटली?’ या प्रश्नापासून सावध राहा, असं मी नवोदितांना कळकळीने सांगेन. त्याने हाती लागतो तो निकाल, आणि ज्या खर्ड्यावर अजून काम व्हायचंय त्याला निकालाचा काही उपयोग नसतो. मित्र ‘मस्त जमलीय’ म्हणतो. निवृत्त प्राध्यापक ऱ्हस्व-दीर्घ तपासून देतात आणि ‘आशय चांगला आहे, थोडी काटछाट हवी’ असं सुचवतात. घरातली माणसं त्यात आपण कुठे आलो आहोत ते शोधतात. यांतलं कुणीही खोटं बोलत नसतं, पण असं विचारल्यावर भल्या माणसाने दुसरं सांगायचं तरी काय? काटछाट नेमकी कुठल्या पानावर, असं खोदून विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. पुस्तक मिटल्यावर मनात एक ढोबळ मत उरतं आणि ते बनवणारे बारीकसारीक क्षण पुसले गेलेले असतात. लेखकाला गरज असते ती नेमकी त्या क्षणांची.

विल्यम गोल्डिंग सॉल्झबरीच्या एका शाळेत शिक्षक होते. त्यांच्या कादंबरीचं हस्तलिखित एकामागून एक प्रकाशकांकडून परत येत होतं. लंडनच्या फेबर अँड फेबरसाठी हस्तलिखितं वाचणाऱ्या व्यक्तीनेही ते नीरस आणि निरर्थक ठरवलं. तिथेच नव्याने रुजू झालेले संपादक चार्ल्स मॉन्टिथ यांनी ते पुन्हा हातात घेतलं. सुरुवातीचं अणुयुद्धाचं वर्णन त्यांनाही रुचलं नाही, पण मुलं बेटावर पोचल्यानंतर कथेने त्यांना धरून ठेवलं. त्यांनी गोल्डिंगना ती सुरुवात काढायला सांगितली, आणखीही काही बदल सुचवले, आणि 1954 मध्ये ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ प्रसिद्ध झाली. दोघांनी वाचलेली पानं तीच होती. एकाने संपूर्ण पुस्तकाला शेरा दिला, दुसऱ्याने आपण कुठे रेंगाळलो आणि कुठे जागे झालो ते सांगितलं. लेखकाला काम करता आलं ते दुसऱ्याच्या सांगण्यावर. हार्पर ली यांचं उदाहरण तर कुणालाही पडताळून पाहता येईल. 1957 मध्ये त्यांनी दिलेल्या हस्तलिखितात मोठी झालेली नायिका आपल्या गावी परतते. संपादक टे हॉहॉफ यांना त्यातल्या बालपणाच्या आठवणी सर्वांत जिवंत वाटल्या. तो धागा धरून लींनी दोनेक वर्षं पुनर्लेखन केलं आणि 1960 मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आली. मूळ खर्डाही 2015 मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने छापला गेला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर ‘मॉकिंगबर्ड’चं बी मूळ खर्ड्यात कुठे पडलं होतं ते दिसतं.

यावर कुणी म्हणेल, मॉन्टिथ आणि हॉहॉफ पेशाने संपादक, आमच्या शेजाऱ्याला काय कळणार? शेजाऱ्याला उपाय कळणार नाही, हे मान्य. पण आपल्याला कंटाळा कधी आला हे त्याच्याइतकं खात्रीने दुसरं कोण सांगेल? म्हणून मत मागूच नये, नोंदी मागाव्यात. मोबाइलवर पीडीएफ पाठवण्याऐवजी कागदाच्या एकाच बाजूला, रुंद समास सोडून प्रिंट काढावी आणि सोबत पेन्सिल द्यावी. वाचन थांबवलं तिथे तारीख, ओळी गाळल्या तिथे उभी रेघ, आणि मागची पानं चाळावी लागली तिथे त्याचं कारण, एवढंच मागावं. ‘हा वसंता कोण? आधी येऊन गेलाय का?’ अशी समासातली एक ओळ बघा. वसंताची ओळख लग्नाच्या गर्दीत आठ नावांबरोबर करून दिली होती आणि ती कुणाच्याही लक्षात राहिली नाही, हे त्या एका ओळीवरून कळतं. ‘व्यक्तिचित्रण अधिक ठसठशीत हवं’ या अभिप्रायातून ते कधीच कळलं नसतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चार जणांचं ऐकत बसलं तर लेखनाचा विक्षिप्त, स्वतःचा असा सूर घासून गुळगुळीत होईल. ‘कोसला’ ही कादंबरी 1963 मध्ये आली ती काय लोकांना विचारून? ही भीती मला रास्त वाटते. मत मागायला माझा विरोध आहे तो याचसाठी. ‘ही भाषा बदला’ हे मत असतं, आणि पहिल्यांदा लिहिणारा माणूस अशा मताला फार लवकर वाकतो. ‘इथे मी दोनदा वाचलं’ ही नोंद मात्र लेखकाला कुठल्याही आज्ञेत बांधत नाही. वाचकाने तिथे अडखळावं असाच लेखकाचा हेतू असेल तर ओळ तशीच ठेवावी, आणि आता ती जाणूनबुजून ठेवलेली असेल.

आणि संपादक कशासाठी असतात, असंही विचारलं जातं. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकांकडून पुन्हा पुन्हा लिहून घेत, ही मराठीतली मोठीच परंपरा. पण त्यांचं ‘सत्यकथा’ मासिक 1982 मध्ये बंद पडलं, आणि आज पुष्कळ ठिकाणी हस्तलिखित छपाईला तयार अवस्थेतच अपेक्षित असतं. लेखकाच्या खर्चाने पुस्तक काढून देणाऱ्याने केलेली स्तुती तर हिशेबातच धरू नये. होकारातच त्याचा फायदा असतो.

नोंदी जमल्या की लगेच दुरुस्तीला बसू नये. तिघे तीन वेगवेगळ्या जागी थांबले असतील तर बहुधा कुणाला झोप आली असेल, कुणाला फोन. तिघेही एकाच वीस-पंचवीस पानांत थांबले असतील तर तिथे दोष आहे असं समजावं, आणि तरीही तीच पानं आधी कापू नयेत. वाचक पान 120 वर कंटाळतो तेव्हा कारण पुष्कळदा पान 60 च्या आसपास असतं: ज्या प्रश्नाने त्याला पुढे ओढत आणलं, त्याचं उत्तर तिथेच देऊन टाकलेलं असतं. त्यामुळे आधी मागे जाऊन ते पान शोधावं.