पेढीची विक्री आणि नावाची पत : फुटबॉल क्लबांच्या हस्तांतरणावरून एक अभ्यास

मल्हारगंजातील एखादी जुनी पेढी दुसऱ्याच्या हाती गेली की चार दिवस बाजारात तिची चर्चा होते. नवा मालक कोणाचा कोण, त्याचे वजनमाप कसे, उधारी तो पूर्वीप्रमाणे चालवील की नाही, याची चौकशी होते. ज्याला नवा मालक पटत नाही ते गिऱ्हाईक काही एक न बोलता शेजारच्या दुकानाची पायरी चढते. कोणी मोर्चा काढीत नाही, कोणी निषेधाचे फलक उभारीत नाही. परंतु फुटबॉलचा एखादा जुना क्लब विकला गेला आणि नवा मालक लोकांच्या मनास आला नाही, तर हजारो माणसे रस्त्यावर येतात, घोषणा देतात आणि वर्षानुवर्षे राग धरून बसतात. व्यवहारी माणसास हा प्रकार चमत्कारिक वाटतो. मालकाने आपली वस्तू विकली, घेणाऱ्याने दाम मोजले. तिकीट काढून खेळ पाहणाऱ्याचा त्यात संबंध काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कारण त्याचे उत्तर आपल्या पेढ्यांनाही लागू पडते.

नावलौकिक ही कोणाची मत्ता?

कायद्याच्या दृष्टीने नावलौकिक ही मालमत्ताच होय. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 याच्या कलम 14 प्रमाणे व्यवसायाचा नावलौकिक हा भागीदारी पेढीच्या मालमत्तेत मोडतो. पेढी विसर्जित झाल्यावर तो विकता येतो, आणि विकल्यानंतर जुन्या भागीदारावर कोणती बंधने येतात हे कलम 55 मध्ये सांगितले आहे. वेगळा करार नसेल तर त्याला तसाच धंदा पुन्हा करता येतो. मात्र जुन्या पेढीचे नाव वापरता येत नाही, आपण तीच पेढी चालवीत आहो असे भासविता येत नाही आणि जुन्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे वळविण्याचा प्रयत्नही करता येत नाही.

या तरतुदी नीट पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. नावलौकिकाची किंमत म्हणून घेणारा जी रक्कम मोजतो, ती गोदामातील मालाची नसते वा फर्निचरचीही नसते. जुने गिऱ्हाईक जुन्या जागी पुन्हा येईल, या संभवाची ती किंमत असते. आता हा संभव गिऱ्हाइकाच्या मनात राहतो, विकणाऱ्याच्या तिजोरीत नव्हे. तात्पर्य, विक्रीखतावर सही करणारे दोघे असले, तरी ज्याच्या भरवशावर सौदा होतो तो तिसरा मनुष्य तेथे हजर नसतो.

आम्हा इंदूरकरांस याचा एक अनुभव क्रिकेटमध्ये आहे. कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. 1954-55 चा मोसम हा त्या संघाचा अखेरचा. संस्थाने गेली, राज्यांची नवी घडी बसली आणि होळकर संघ राहिला नाही. त्याला कोणी विकले नव्हते. तरीही शहरातील क्रिकेटच्या मैदानास आज होळकर हेच नाव आहे. मालक गेला, संघ गेला, पण लोकांनी नाव सोडले नाही.

पुण्याचा दाखला

महाराष्ट्रात फुटबॉल संघ एकामागून एक कसे मावळले ते पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाने 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती. 2010 मध्ये तो कंपनीनेच बंद केला. पुण्यात अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये पुणे एफ. सी. हा संघ उभारला. 2012-13 मध्ये तो आय-लीगमध्ये दुसरा आला. 2015 मध्ये तोही संपला. दरम्यान 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफ. सी. पुणे सिटी हा नवा संघ बालेवाडीस खेळू लागला. 2017-18 च्या मोसमात त्याने उपान्त्य फेरी गाठली. पुढे तो आर्थिक अडचणीत आला, आणि 2019 मध्ये लीगमधील त्याची जागा नव्या मालकांकडे जाऊन हैदराबाद एफ. सी. हा संघ निर्माण झाला.

त्या हैदराबादने 2021-22 ची लीग जिंकली. परंतु पुढे त्याच्याही वाट्यास पैशाची ओढाताण आली, आणि 2025 मध्ये तो संघ दिल्लीस नेण्यात येऊन त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे ठेवण्यात आले. अशा रीतीने एकच जागा अवघ्या सहा वर्षांत तीन शहरे फिरली. कोणत्याही टप्प्यावर प्रेक्षकांचे मत घेण्याची तरतूद नव्हती.

पुण्यात यावरून वर्षानुवर्षे चालणारा क्षोभ झाला नाही, हे येथे विशेष लक्षात घ्यावयाचे. संघ पाचच वर्षांचा होता. बापाने मुलाला खांद्यावर बसवून नेले आणि त्या मुलाने पुढे आपल्या मुलास नेले, इतका काळ त्याला मिळाला नाही. ज्याचे मूळ खोल गेलेले नाही ते रोप उपटताना आवाज होत नाही. विकणाऱ्यास ही शांतता सोयीची वाटली असेल. परंतु या शांततेचा खरा अर्थ असा की, त्या नावावर अद्याप फारशी पत जमलीच नव्हती.

कोलकात्याचा दाखला

याउलट गोष्ट मोहन बागान क्लबची. हा क्लब 1889 मध्ये स्थापन झाला. 29 जुलै 1911 रोजी त्याच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघास 2-1 असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, आणि हा विजय केवळ खेळातला न राहता देशाभिमानाचा विषय झाला. अशा क्लबच्या फुटबॉल विभागातील 80 टक्के हिस्सा आर. पी.-संजीव गोएंका समूह घेणार, असे जानेवारी 2020 मध्ये जाहीर झाले. त्या समूहाचा ए. टी. के. हा स्वतंत्र संघ त्याच शहरात होता. दोहोंचे एकीकरण होऊन संघाचे नाव ‘ए. टी. के. मोहन बागान’ असे झाले.

हिरवा व तांबूस हे रंग कायम राहिले, क्लबचे चिन्हही राहिले. पण नावाच्या आधी लागलेली तीन अक्षरे चाहत्यांच्या डोळ्यांत सलू लागली. ती अक्षरे काढा, अशी मागणी सतत तीन वर्षे होत राहिली. नव्या मालकाने पैसा कमी पडू दिला नव्हता, संघही दुबळा नव्हता. तरीही राग शमला नाही. कारण आजोबांनी ज्या नावाचा जयघोष केला ते नाव दुय्यम झाल्याचे दुःख पैशाने भरून निघणारे नव्हते. अखेर 18 मार्च 2023 रोजी गोव्यात अंतिम सामना जिंकून संघ विजेता झाला, तेव्हा मालकांनीच ती अक्षरे काढल्याची घोषणा केली. 1 जूनपासून ‘मोहन बागान सुपर जायंट’ हे नाव आले. जुने नाव निर्भेळ परत आले असे नव्हे. तरी ते पुन्हा अग्रस्थानी आले. ओरडणाऱ्यांचे ऐकले म्हणून मालकाचे काही नुकसान झाले नाही.

इंग्लंडातील दोन उदाहरणे

मँचेस्टर युनायटेड हा क्लब 1878 मध्ये न्यूटन हीथ या नावाने रेल्वे कामगारांनी सुरू केला. 2005 मध्ये अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने तो सुमारे 79 कोटी पौंडांस घेतला. यातील बरीच रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा मोठा भार खुद्द क्लबवरच टाकण्यात आला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, दुकान घेण्यासाठी काढलेले कर्ज त्याच दुकानाच्या खात्यात मांडले गेले, आणि आजवर निष्कर्ज असलेली पेढी एका दिवसात ऋणको झाली. काही चाहत्यांनी त्याच वर्षी एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. 2010 मध्ये हजारो प्रेक्षक न्यूटन हीथच्या हिरव्या-सोनेरी रंगाचे गळपट्टे घालून मैदानात बसू लागले. या मालकांच्या काळात 2007 ते 2013 दरम्यान संघाने पाच वेळा लीग जिंकली. म्हणजे राग मालाच्या प्रतीवर नव्हता, व्यवहाराच्या रीतीवर होता.

दुसरे उदाहरण विंबल्डनचे. तो क्लब लंडनमधून मिल्टन कीन्स या दूरच्या शहरी नेण्यास 2002 मध्ये परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच वर्षी ए. एफ. सी. विंबल्डन हा नवा क्लब अगदी खालच्या पायरीपासून सुरू केला, आणि 2011 मध्ये, म्हणजे नऊ वर्षांत, तो इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये पोचला. स्थलांतरित क्लबला नाव बदलावे लागले, आणि 2007 मध्ये जुन्या विंबल्डनच्या विजयचिन्हांवरील हक्क सोडून ती लंडनमधील मर्टन येथील नगरसंस्थेच्या हवाली करावी लागली. खेळाडू नेता आले, परवाना नेता आला. नाव व इतिहास मात्र नेता आला नाही.

ज्यांना विकताच येत नाही असे संघ

याच्या उलट टोकास आपले कोल्हापूर आहे. तेथील पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ तालमींचे आहेत. तालीम पेठेची, संघ तालमीचा. तो विकत घ्यावयाचा तर आधी सारी पेठ विकत घ्यावी लागेल! या संघांपाशी अमाप द्रव्य नाही, हे खरे. परंतु सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियम भरून जाते. जर्मनीत हाच विचार नियमात आणला गेला आहे. 1998 पासून तेथे बाहेरच्या भांडवलास वाव मिळाला, पण काही अपवाद सोडता क्लबमधील निम्म्याहून एक तरी मत अधिक सभासदांकडे राहिले पाहिजे अशी अट घातली गेली. इंग्लंडनेही 2025 मध्ये कायदा करून फुटबॉल क्लबांच्या मालकांवर देखरेख ठेवण्यासाठी स्वतंत्र नियामक नेमण्याची व्यवस्था केली.

चाहत्यांची बाजू सर्वस्वी निर्दोष असते असे मात्र समजू नये. महागडे खेळाडू हवेत, विजय हवा, पण पैसा कोठून यावयाचा हे विचारावयाचे नाही, ही प्रवृत्ती त्यांच्यातही असते. तोटा सोसणाऱ्या मालकास विक्रीचा हक्क नाकारणे न्यायाचे होणार नाही. प्रश्न विकावे की न विकावे हा नाही; विकताना काय जपावे हा आहे.

आपल्यापुरता बोध

आज हा प्रश्न आपल्या घरांच्या उंबरठ्यावर आहे. कित्येक पेढ्यांची तिसरी-चौथी पिढी डॉक्टर, इंजिनियर होऊन परगावी किंवा परदेशी स्थायिक झाली आहे. गादीवर बसावयास कोणी नाही, आणि दुकान घेण्यास घेणारा तयार आहे. त्यास जागेपेक्षा पाटीवरील नावच अधिक हवे असते. अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानात धराव्यात.

पहिली गोष्ट, विक्रीची वार्ता जुन्या गिऱ्हाइकांस व गुमास्त्यांस बाजारातून कळू देऊ नये. ती मालकाने स्वतः सांगावी. दुसरी, नाव किती वर्षे, कोणत्या मालासाठी व कोणत्या गावी वापरावयाचे हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. नाव देऊन टाकल्यावर त्या नावाने हलका माल विकला गेला, तर दूषण आपल्या वडिलांस लागते. तिसरी, घेणाऱ्याने खरेदीचे कर्ज पेढीच्या माथी मारू नये. चौथी, नव्या मालकाने हिशेबाची पद्धत खुशाल आधी बदलावी, पाटी मात्र घाईने बदलू नये.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गिऱ्हाईक रागावून दुकानात येऊन भांडू लागले, तर त्याला उपद्रव समजू नये. फुटबॉलच्या चाहत्यास दुसरा क्लब धरता येत नाही, म्हणून तो ओरडतो. आपल्या गिऱ्हाइकास दुसरे दुकान धरता येते. तरीही ते आपल्याकडेच येऊन भांडते, याचा अर्थ पेढी अजून त्याला आपली वाटते. त्याच्या रागाला उत्तर द्यावे, शक्य तेथे चूक दुरुस्त करावी. जे गिऱ्हाईक शांतपणे निघून गेले, त्याचे खाते पुन्हा उघडणे फार कठीण.

आपल्या समाजातील धर्मशाळा, पांजरपोळ, पाठशाळा यांचा कारभार विश्वस्त पाहतात. आपल्याकडे आलेले दुसऱ्याचे आहे आणि ते जसेच्या तसे पुढे सोपवावयाचे आहे, ही जाणीव त्या कामात असते. दुकान, माल, तिजोरी यांचे आपण मालक आहोत. नावाच्या बाबतीत मात्र, ते ज्यांच्या विश्वासावर उभे राहिले त्यांच्या वतीने सांभाळणारे आपण विश्वस्त आहोत, एवढे प्रत्येक सभासदाने मनाशी धरले तर या अभ्यासाचे सार्थक होईल.

मननासाठी प्रश्न

1. आपल्या पेढीच्या किमतीत माल, जागा आणि नाव यांचा वाटा किती, हे आपण कधी मांडून पाहिले आहे काय?

2. उद्या पेढी विकावी लागली, तर नावासंबंधी कोणती अट आपण सोडणार नाही?

3. गेल्या वर्षात कोणते जुने गिऱ्हाईक न भांडता निघून गेले, आणि का?