मॅडमनी सांगितलं नाही का?

कोरोनाच्या काळात फी वसूल होत नव्हती, हे खरंच होतं. ते मी आजही नाकारत नाही. मोबाइलवरच्या वर्गांची कसली फी, असं पालक तोंडावर विचारत होते. मे २०२० मध्ये शासनाने सांगितलं, फी वाढवू नका, हप्ते पाडून द्या. आरटीईखालच्या पंचवीस टक्के मोफत प्रवेशांची शासनाकडून मिळणारी प्रतिपूर्ती एरवीही वेळेवर येत नाही. २०२०-२१ साठी तर ती प्रति विद्यार्थी १७,६७० वरून ८,००० रुपयांवर आणली गेली. आमची शाळा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे पगारासाठी शासनाचा रुपया नाही. तेव्हा पगाराला कात्री लागणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. माझा राग त्या कात्रीवर नाही. ती लपवली, आणि उघडी पडल्यावर माझ्या पदरात टाकली, त्याचा आहे.

जुलैत संस्थेच्या बैठकीत ठरलं: शिक्षकांना साठ टक्के, बसचालक, शिपाई आणि मावश्यांना निम्मा. मुख्याध्यापिका म्हणून मी तिथेच म्हटलं, मला हे लेखी द्या, मी उद्याच सगळ्यांना एकत्र बसवून सांगते. कार्यवाह म्हणाले, "आत्ताच कशाला मॅडम? उगाच घाबरतील, ऑनलाइन तासांवर परिणाम होईल. तुम्ही सांभाळून घ्या." इतिवृत्ताची प्रत मागणारा मेल मी केला, नंतर स्मरणपत्रही धाडलं. उत्तर आलं ते फोनवर, तेही ड्रायव्हरच्या नंबरवरून.

लोकांना कळलं ते बँकेच्या मेसेजवरून. कुणाचा घराचा हप्ता, कुणाच्या घरी आजारपण. मला फोन यायचे आणि मी इतकंच सांगू शकायचे की निर्णय संस्थेचा आहे, लेखी यायचा आहे. दरम्यान ऑफिसातल्या क्लार्कला सगळे आकडे ठाऊक होते, त्यामुळे हळूहळू अर्ध्या स्टाफलाही ठाऊक झाले. ते आकडेही धड बरोबर नव्हते.

मग विज्ञानाच्या सरांनी उमंग ॲपवर आपलं पीएफचं पासबुक उघडलं. पगारपत्रकात कपात दाखवलेली, पासबुकात मात्र उन्हाळ्यापासून एकही नोंद नाही. त्यांनी त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने आपापलं पासबुक तपासलं. माझंही तसंच निघालं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

संस्थेला बैठक घ्यावीच लागली. चित्रकलेच्या हॉलमध्ये, एका बाकावर एक जण. प्राथमिकच्या एका बाईंनी सरळ विचारलं, "पगार अर्धवट का, आणि पीएफचे पैसे गेले कुठे?" कार्यवाहांनी मास्क हनुवटीवर ओढला, माझ्याकडे वळले आणि अगदी आश्चर्याने म्हणाले, "अहो, मॅडमनी तुम्हाला सांगितलं नाही का? आम्ही तर जुलैतच सगळं ठरवलं होतं!"

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की मला गप्प ठेवलं होतं ते स्टाफ घाबरेल म्हणून नव्हे. वेळ आलीच तर पुढे करायला कुणीतरी हवं होतं म्हणून. मेलची प्रिंट माझ्या फायलीत होती. मी उभी राहिले आणि तारखेसकट वाचून दाखवली. कुणी टाळी वाजवली नाही, पण पीटीचे सर, जे महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हते, त्यांनी मान वर केली. पीएफचं उत्तर कार्यवाहांनी दिलंच नाही. बाहेर जाताना मला म्हणाले, "घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणायच्या नसतात." त्याच आठवड्यात शाळेच्या फाटकावर संस्थापकांच्या नावाची दगडी कमान बांधायला गवंडी आले होते. त्याला पैसे कुठून आले, हेही घरातलंच असावं.

आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी. संस्थेचा निर्णय तोंडी आला तर त्याच दिवशी मेल करा: "आज आपण असं ठरवलं, मी अमुक तारखेला स्टाफला सांगत आहे." उत्तर नाही आलं तरी चालेल, तुमचा मेल राहतो. सांगताना "थोडी कपात" म्हणू नका. किती टक्के, कोणत्या महिन्यापासून, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही रक्कम कायमची गेली की थकबाकी म्हणून नंतर मिळणार, हे स्पष्ट करा. आमच्याकडे एवढी एकच ओळ कुणी लिहून दिली असती तर पुढची निम्मी भांडणं झाली नसती. प्रतिपूर्ती आली की देऊ, असं तर चुकूनही बोलू नका. ती तारीख तुमच्या हातातली नसते. लोकांना पगाराच्या तारखेच्या आधी कळलं पाहिजे, म्हणजे निदान हप्त्यासाठी उसनवारी करता येते. आणि हे ग्रुपवर टाकायचं नाही, समोर बसून सांगायचं. मावश्यांना आणि बसचालकांनाही त्याच बैठकीत बोलवा. त्यांना नंतर व्हरांड्यात गाठून सांगणं हा अपमान आहे.

पीएफचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हावा लागतो. चलन झालं का, हे दर महिन्याला ऑफिसात विचारा. पगारातून कापलेले पैसे न भरणं हा गुन्हा आहे, त्यात आर्थिक अडचणीची सबब चालत नाही. पटसंख्या घटली किंवा तुकडी बंद झाली म्हणून कुणा कायम कर्मचाऱ्याला कमी करायचं म्हणत असतील, तर १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम २६ समोर ठेवा: तीन महिन्यांची नोटीस, शिवाय ज्येष्ठता पाहावी लागते. ही नियमावली विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, हे बऱ्याच संस्थाचालकांना ऐकायचं नसतं.

बाकी शांत राहा, संयम ठेवा वगैरे तुम्हाला सगळेच सांगतील. मीही ठेवला होता.

२०२१ च्या उन्हाळ्यात मी राजीनामा दिला. ग्रॅच्युइटी भांडून मिळवली. मावश्यांना "नंतर देऊ" म्हटलेली रक्कम मात्र अजून मिळालेली नाही. तुमच्या शाळेत अशी बाकी असेल, तर पैसे येताच पहिल्यांदा त्यांची भागवा. शिक्षक निदान शिकवण्या घेऊन तग धरतात.