कम्प्युटरच्या रांगेत उभं राहण्याआधी

निकाल लागले की मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसरहून एकच प्रश्न येतो: नागपुरात कम्प्युटर सायन्सला कुठं नंबर लागेल? मुलाला कोडिंग आवडतं का, हे विचारलं की आईवडील एकमेकांकडे बघतात. स्पष्ट सांगतो, आवड नसेल तर संत्र्याच्या बागेवर कर्ज काढून ती डिग्री घेऊ नका. नीट, पीएससी, बँकेच्या परीक्षा यांची माहिती क्लासवाले देतातच.

तुमच्या पायाखाली काय आहे ते मात्र कुणी सांगत नाही. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत या भागातल्या मँगनीज असलेल्या खडकांना ‘सौसर गट’ म्हणतात, तो याच सौसरच्या नावावरून. त्याच पट्ट्यात सावनेर तालुक्यातली गुमगाव आणि बालाघाटची भरवेली या मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीच्या भूमिगत खाणी आहेत. खनिज काढलं की पोकळी उरते. ती भरायला वर्षानुवर्षं नदीची रेती वापरली, आणि नद्या ओरबाडल्या गेल्या. दुसरीकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत राखेचे ढीग. 2022 च्या जुलैत कोराडीचा खसाळा इथला राखबंधारा फुटला आणि राख शेतांत शिरली.

ही राख, भट्टीतली धातुमळी, खनिज वेगळं केल्यावर उरलेला बारीक चुरा यांत वजनाच्या साधारण 3 ते 7 टक्के सिमेंट घालून पोकळी भरता येते. चुरा आणि सिमेंटचा असा भराव राजस्थानात रामपुरा आगुचाच्या खाणीत होतो. काम नाजूक आहे. लगदा पाइपातून वाहिला पाहिजे, पण पातळ झाला तर ताकद घटते आणि पोकळीच्या तोंडाशी बांधलेल्या आडभिंतीवर दाब येतो. नमुने नळकांड्यांत भरून 7 आणि 28 दिवस ठेवतात, मग यंत्रात दाबून फोडतात. घरच्या काँक्रीटच्या मानानं ताकद थोडीच लागते, बऱ्याचदा 1 मेगापास्कलच्या आसपास. पण शेजारचं खनिज काढल्यावर हा भराव ढासळता कामा नये. आपल्याकडच्या राखेत चुना कमी, म्हणून ती एकटी घट्ट होत नाही. चुऱ्यात पायराइट असेल तर आधी आलेली ताकद पुढं सल्फेटमुळे उतरते. खर्चात सिमेंटच जड, तेव्हा ते कमी करून ताकद टिकवणारा माणूस खाणीला हवाच असतो.

शिकायचं कुठं? दहावीनंतर परासियाजवळच्या खिरसाडोह पॉलिटेक्निकमध्ये मायनिंगचा डिप्लोमा आहे. बारावीनंतर जेईई देऊन नागपूरच्या व्हीएनआयटीत मायनिंगचं बीटेक. इथं बरेच जण फसतात. बारावी मध्य प्रदेशातून केली तर, नागपूर कितीही जवळ असलं तरी, व्हीएनआयटीत तुम्ही बाहेरच्या राज्याच्या कोट्यात. बारावी कुठून करायची, हे अकरावीलाच ठरवा.

‘पोराला खाणीत घालता?’ असं नातेवाईक विचारतील. खाणीत धोका आहे आणि तो लपवू नये. छातीची, डोळ्यांची तपासणी आधी करून घ्या, दम लागणाऱ्या मुलाला पाठवू नका. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मुलाची चॉइस लिस्ट बदलणाऱ्या बापाला मी समोरच अडवतो.

मुलींचंही तेच. 2019 मध्येच तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी स्त्रियांना त्यांच्या लेखी संमतीनं सकाळी 6 ते संध्याकाळी 7 जमिनीखाली काम करायला परवानगी मिळाली. मुलीनं मायनिंग मागितलं तर ‘ते बायकांचं काम नाही’ हे कारण आता चालायचं नाही. पाठवायचं नसेल तर तिला खरं कारण सांगा.