फुकटचे व्हीपीएन आणि विश्वासाचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे दरवर्षी पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो व त्यानुसार पिके ठरविली जातात. हिशेब सर्वांसमोर असल्यामुळे त्यावर गावाचा विश्वास बसतो. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या व्हीपीएन सेवेचा हिशेब मात्र कोणापुढे मांडला जातो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

व्हीपीएन म्हणजे आभासी खाजगी जाळे. यात वापरणाऱ्याची माहिती कूटबद्ध होऊन प्रथम सेवाचालकाच्या संगणकाकडे व तेथून इच्छित संकेतस्थळाकडे जाते. त्यामुळे आपण कोणते संकेतस्थळ पाहतो, हे बसस्थानकावरील वायफाय चालविणाऱ्यास किंवा दूरसंचार कंपनीस दिसत नाही. तथापि सेवाचालकास ते दिसू शकते. म्हणजेच विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही. तो कोणावर ठेवावयाचा, एवढेच बदलते.

अशी यंत्रणा चालविण्यास खर्च येतो. काही कंपन्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या उत्पन्नातून मर्यादित सेवा फुकट देतात; काही मात्र जाहिराती व माहितीचा व्यापार यांवर चालतात. अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन अ‍ॅपच्या २०१६ मधील एका अभ्यासात १८ टक्के अ‍ॅप माहिती कूटबद्धच करीत नसल्याचे आढळले. फेसबुकच्या मालकीच्या ‘ओनावो प्रोटेक्ट’ या फुकट सेवेने माहितीच्या रक्षणाची ग्वाही दिली होती; परंतु ती माहिती कंपनीच्या व्यापारी हितासाठी वापरली गेली. याबद्दल २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने मेटाच्या दोन उपकंपन्यांना एकूण २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

भारतात ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आदी नोंदी ५ वर्षे ठेवावयाच्या आहेत. संपूर्ण अज्ञाततेची जाहिरात या दृष्टीनेही पारखून घ्यावी.

ग्रामपंचायत वा शाळेत हाताळले जाणारे आधार क्रमांक, बँक खाती व शिष्यवृत्तीचे अर्ज ही लोकांची ठेव होय. अशा कामाच्या मोबाइलवर किंवा संगणकावर अनोळखी फुकट व्हीपीएन बसवू नये; कार्यालयाने दिलेली अधिकृत जोडणीच वापरावी. खाजगी वापरासाठीही सेवेचा मालक कोण, उत्पन्न कशाचे आणि स्वतंत्र तपासणी झाली आहे काय, हे आधी पाहावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर त्या सेवेपासून दूर राहणेच शहाणपणाचे ठरेल.